नमुना कोणी निवडला?

यंत्रात ठेवलेली वीट पंधरा-वीस सेकंदांत फुटते. त्याआधी ती आमच्याकडे पाच दिवस मुक्कामाला असते आणि आमच्याकडे येण्याआधी तिच्यावर काय काय गुजरलेलं असतं ते वेगळंच. दाबाची चाचणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर यंत्र येतं. इतकी वर्षं हे काम केल्यावर मला वाटतं, यंत्राचा वाटा सगळ्यात थोडा आहे.

मी डोंबिवली एमआयडीसीत बांधकाम साहित्य तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून कल्याणच्या मुरबाड रस्त्यापर्यंत जिथं जिथं टॉवर उठतायत तिथून माल येतो: काँक्रीटच्या क्यूब, पेव्हर ब्लॉक, टाइल्स, सिपोरेक्स आणि विटा. (पांढरा हलका ब्लॉक कुठल्याही कंपनीचा असो, साइटवर त्याला सिपोरेक्सच म्हणतात.) यात मान क्यूबचा. 'मॅडम, आमच्या क्यूब फोडल्या का?' हे विचारायला सकाळपासून फोन सुरू होतात. विटेची चौकशी करणारा फोन क्वचित येतो. त्याचं कारणही उघड आहे. टॉवरचा भार कॉलम-बीमवर असतो, वीट दोन कॉलमांमधली जागा भरते. पण जुन्या ठाण्यात, कल्याणात आणि डोंबिवलीत अजून कितीतरी कुटुंबं अशा इमारतींत राहतात जिथं कॉलमच नाहीत. वरचे दोन-तीन मजले विटांच्या भिंतींनीच तोलून धरलेत. त्यामुळे विटेचं काम मी कधी दुसऱ्यावर सोपवत नाही.

वीट म्हणजे भाजलेली माती, म्हणजे सिरॅमिकच. कपबशी, संडासातली टाइल, विजेच्या खांबावरचा चिनीमातीचा इन्सुलेटर ही सगळी एकाच घरातली भावंडं. त्यातली वीट सगळ्यात गरीब. उत्तम प्रतीच्या ॲल्युमिनाचा ठोकळा एका चौरस मिलिमीटरला २००० न्यूटनच्याही पुढं भार घेतो. आमच्या भागातल्या विटेकडून आयएस १०७७ हे मानक सगळ्यात खालच्या वर्गासाठी ३.५ न्यूटन मागतं. हा आकडा ऐकायला केविलवाणा वाटतो, पण हिशेब करून पाहा. आमच्याकडे येणारी वीट साधारण २२० बाय १०० मिलिमीटरची. तिच्या पूर्ण अंगावर चौरस मिलिमीटरमागे ३.५ न्यूटन म्हणजे ७७ किलोन्यूटन, जवळजवळ आठ टन. अडीच-पावणेतीन किलोच्या मातीच्या तुकड्यानं आठ टन पेलायचे, ही काही साधी गोष्ट नाही.

चाचणीची रीत आयएस ३४९५ मध्ये दिलेली आहे. आधी विटेच्या वरच्या-खालच्या बाजूंचे उंचवटे घासून काढायचे. मग ती चोवीस तास पाण्यात बुडवायची. कोरडी वीट ओल्या विटेपेक्षा जास्त भार घेते, म्हणून सगळ्या विटांना आधी सारख्याच पडत्या बाजूला आणायचं. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात भिंत ओली होणारच असते, तेव्हा हे योग्यच आहे. मग विटेच्या पोटातला खळगा, ज्यात भट्टीवाल्याची अक्षरं उमटलेली असतात, तो एकास एक सिमेंट-वाळूनं भरायचा. एक दिवस ओल्या गोणपाटाखाली, मग तीन दिवस पुन्हा पाण्यात. शेवटी पुसून, भरलेली बाजू वर करून यंत्राच्या दोन पोलादी प्लेटांमध्ये ठेवायची. खाली आणि वर तीन मिलिमीटर जाडीचा तीनपदरी प्लायवूड.

हा प्लायवूड नवीन मुलांना फालतू वाटतो. पण अगदी घासलेली वीटही पूर्ण सपाट नसते. तिला थेट पोलादावर ठेवलं तर भार सगळ्या अंगावर न पसरता चार-पाच उंच टेंगळांवर येतो, तिथं कपची उडते आणि आकडा कमी येतो. प्लायवूड तेवढा दबून घेतो. आमचे मशीनवरचे काका वीट ठेवण्याआधी तिच्यावरून उजव्या हाताचा तळवा फिरवतात. डोळे दुसरीकडेच असतात. पट्टी लावून मला जो उंचवटा दिसला नाही तो त्यांच्या तळव्याला लागतो; मग ती वीट परत घासायला जाते. खडूनं मध्य काढून वीट प्लेटच्या बरोबर मधोमध बसवायची. जरा सरकली की एका कडेवर जास्त भार येतो, आणि मग आपण विटेची ताकद मोजत नसून आपल्या ठेवण्याचा वाकडेपणा मोजत असतो.

भार चौरस मिलिमीटरमागे मिनिटाला १४ न्यूटन या गतीनं चढवायचा. ३.५ ची वीट म्हणून पंधरा सेकंदांत संपते. एम २५ काँक्रीटची चांगली क्यूब दोन मिनिटांहून जास्त वेळ घेते. आमच्या जुन्या यंत्राच्या डायलला दोन काटे आहेत, काळा आणि लाल. काळा चढताना लालला पुढं ढकलत नेतो. वीट फुटली की काळा झटकन शून्यावर येतो, लाल तिथंच उभा राहतो. तो आकडा वहीत लिहायचा.

फुटण्याआधी वीट काही सांगत नाही. ठिसूळ पदार्थांचं हे मला सगळ्यात गंभीर वाटतं. लोखंडी सळई खेचली तर ती आधी लांबते, बारीक होते, बघणाऱ्याला वेळ देते. वीट, काच, चिनीमाती यांच्याकडे तशी सोय नाही. काळा काटा शांतपणे चढत असतो, आणि एकदम 'फट्' होऊन बाजूचे पापुद्रे सुटतात.

आणि हे फुटणं नीट पाहिलं तर कळतं की दाबली गेलेली वीट दाबानं मरत नाही. तिच्या चिरा उभ्या असतात, भाराच्या दिशेनं. दाब वरून येतो, पण वीट आडव्या दिशेनं ताणली जाऊन फाटते. इंग्लंडमध्ये ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२०-२१ च्या सुमारास काचेवर प्रयोग करून दाखवलं की ठिसूळ पदार्थाची ताकद त्याच्या अंगात आधीपासून असलेल्या बारीक भेगा ठरवतात. ताण दिला की भेगेचं तोंड उघडतं आणि ती पुढं धावते. दाब दिला की बहुतेक भेगा मिटतात. म्हणून दगड, वीट, काँक्रीट दाबाला चांगले. पण तिरप्या पडलेल्या भेगांचे दोन काठ दाबाखाली एकमेकांवरून सरकतात आणि त्यांच्या टोकाशी ताण तयार होतो. तिथून नवी चीर फुटते आणि ती हळूहळू भाराच्या दिशेनं उभी होत जाते. ग्रिफिथच्याच १९२४ च्या गणितानं अशा पदार्थाची दाबातली ताकद ताणातल्या ताकदीच्या आठपट येते. क्यूबच्या बाबतीत प्लेटचं घर्षण वरचं आणि खालचं तोंड घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे बाजू सुटून मध्ये डमरू उरतो. चांगली फुटलेली क्यूब ओळखायची ती या डमरूवरून. एकाच बाजूला तिरकी फाटली असेल तर काका आकडा लिहिण्याआधी प्लेट तपासतात.

आडवं फाटणं किती खरं आहे ते एका शिकाऊ मुलानं सगळ्यांना दाखवून दिलं. प्लायवूड संपला होता, म्हणून त्यानं हौसेनं रबराची शीट कापून आणली. प्लायवूडपेक्षा मऊ, म्हणजे आणखी चांगली, असा त्याचा तर्क. वीट निम्म्या भारालाच मधोमध उभी चिरली. रबर दाबाखाली बाजूला पसरतं आणि पसरताना विटेचा पृष्ठभाग दोन्हीकडे ओढतं. मी त्याला म्हटलं, 'आता हेच भिंतीत बघ.' भिंतीत विटेच्या वर-खाली असतो गिलाव्यासारखाच सिमेंट-वाळूचा थर. तो विटेपेक्षा मऊ असला की भाराखाली बाजूला पसरायला बघतो आणि विटेला फाडतो. म्हणून विटेचा आकडा आणि भिंतीचा आकडा एक नसतो. आयएस १९०५ च्या तक्त्यात ३.५ च्या विटेला सगळ्यात चांगल्या मसाल्यातही भिंतीसाठी ०.३५ न्यूटन इतकाच मूळ ताण मान्य केलाय, म्हणजे दहावा हिस्सा. भिंत उंच आणि बारीक असेल तर त्याहून कमी.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती.

कल्याणच्या एका साइटवरून एका गोणीत पाच विटा आल्या. लालबुंद, एकही कोपरा उडालेला नाही, दोन एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज. चाचणी केली. सरासरी पाचच्या वर. रिपोर्ट दिला, आणि त्याखाली आमची नेहमीची ओळ होतीच: नमुना ग्राहकाने दिलेला असून निकाल फक्त तपासलेल्या नमुन्यापुरता आहे. ही ओळ सगळ्या प्रयोगशाळांच्या रिपोर्टवर असते आणि ती कोणी वाचत नाही. या कामावरच्या सल्लागार अभियंत्यांनी वाचली. साइटवर उतरलेला माल त्यांनी पाहिलेला होता. त्यांचा फोन आला, 'मॅडम, तुम्ही स्वतः येऊन विटा उचला.'

दोन हजारांच्या वरच्या, दहा हजारांपर्यंतच्या मालातून वीस विटा काढायच्या असा नियम आहे, आणि त्या कोणी दाखवलेल्या नकोत. थप्पीचे भाग पाडायचे, प्रत्येक भागातून चिठ्ठीवरच्या आकड्याप्रमाणे मोजत जायचं आणि जी वीट हाताला येईल ती घ्यायची. मला ती आवडली काय, नावडली काय, प्रश्न येत नाही. मुकादम शेजारी उभा राहून 'ताई, ही घ्या, ही चांगली आहे' म्हणत होता. त्याचा हेतू वाईट नव्हता. पाहुण्याला चांगलं द्यावं अशाच भावनेनं तो बोलत होता. पण नमुना तिथंच बिघडतो.

वीसमधल्या पाच दाबाच्या चाचणीला लावल्या. आकडे आले: ४.६, ४.१, ३.९, ४.४ आणि २.५. सरासरी ३.९.

कंत्राटदाराचा माणूस खुशीत म्हणाला, 'ॲव्हरेज पास आहे.' सरासरी पास होती. पण त्याच मानकात पुढं लिहिलंय की कोणतीही एक वीट किमान सरासरीच्या वीस टक्क्यांहून जास्त खाली जाता कामा नये. ३.५ चे वीस टक्के वजा केले की २.८. पाचवी वीट त्याखाली होती, म्हणून माल नापास. तो पुष्कळ वेळ वाद घालत राहिला. चार चांगल्या आहेत, एकीनं काय होतं? मला हा प्रश्न उडवून लावावासा वाटत नाही, कारण तो रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. लोखंडात सरासरीला अर्थ असतो. एक सळई थकली तर ती लांबून आपला भार शेजारणीला देते. ठिसूळ पदार्थात तसं देणं-घेणं जवळपास नाही. एका विटेच्या आत तिची सगळ्यात मोठी भेग तिचं भवितव्य ठरवते, आणि कॉलम नसलेल्या इमारतीत खिडक्यांमधल्या अरुंद भिंतीत अशा विटा एका ओळीत आल्या तर त्या भिंतीचंही. स्वीडनचे वालोदी वाइबुल यांनी १९३९ साली याचंच गणित मांडलं: साखळीची ताकद तिच्या सगळ्यात अशक्त कडीइतकी. त्यामुळे चिनीमाती किंवा ॲल्युमिनाची चाचणी करणारे लोक सरासरीबरोबर आकड्यांचा पसाराही सांगतात. एकाच घाण्यातले नमुने किती वेगवेगळे निघाले, हा त्यांच्या लेखी मालाचा गुणच असतो.

नापास रिपोर्ट मिळाल्यावर भट्टीवाले शेठ स्वतः प्रयोगशाळेत आले. मला वाटलं, हे भांडायला आलेत. ते म्हणाले, 'फुटलेली दाखवा.' तुकडे आम्ही ठेवलेच होते. त्यांनी अर्धी वीट उचलली, तुटलेल्या तोंडावर अंगठा घासला. पिवळसर भुकटी अंगठ्याला लागली. 'ही बाहेरच्या थराची,' ते म्हणाले. 'हिला आग पोचलेली नाही. ही आमच्याकडं वेगळी निघायला हवी होती.' मग म्हणाले, 'मॅडम, या एकदा भट्टीवर.'

मी गेले. टिटवाळ्याच्या पुढं, खडवलीच्या बाजूला. कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड या तालुक्यांत दिवाळीनंतर भट्ट्या सुरू होतात आणि पावसाच्या तोंडावर बंद होतात. विटा थापणारी माणसं बहुतेक कातकरी, काही वारली, मोखाडा-जव्हारकडून नाहीतर शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून आलेली. पावसाळ्यात हातात पैसा नसतो तेव्हा उचल घ्यायची आणि हंगामभर ती थापून फेडायची. भट्टीजवळच विटा रचून, वर गवत टाकून भोंगे बांधायचे आणि सहा महिने पोराबाळांसकट तिथं राहायचं. विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेनं १९८२ पासून ठाणे जिल्ह्यात वेठबिगारीविरुद्ध जो लढा दिला, त्यात या भट्ट्यांचा भाग मोठा होता. वेठबिगारी मोडणारा कायदा तर १९७६ सालचा. आमच्या रिपोर्टच्या रकान्यांत लांबी, रुंदी, भार, ताकद सगळं असतं. थापणाऱ्या हातांना काय मिळालं याला रकाना नाही, आणि असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

त्या भट्टीवर मला पाचव्या विटेचा सगळा जन्म दिसला. मातीत भाताचा तूस मळतात. त्यामुळे वीट वाळताना तडकत नाही आणि भट्टीत आतूनही भाजते. पण तूस जळून गेला की त्याच्या जागी पोकळी उरते. या पोकळ्याच पुढं ग्रिफिथच्या भेगा होतात. मातीत चुनखडीचा खडा राहून गेला तर तो भाजून कळीचा चुना होतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी ओल लागली की फुगून विटेची खपली काढतो. मग रचणं. कच्च्या विटांचे थर, मध्ये कोळसा आणि तूस, खाली आगीची भुयारं, बाहेरून मातीचा लेप. भट्टीच्या पोटातली वीट चांगली भाजते. आगीला चिकटलेली जास्त भाजून काळी, वेडीवाकडी होते, तिला झामा म्हणतात. सगळ्यात बाहेरची, वाऱ्याच्या अंगाची, कच्ची राहते. एकाच मातीची, एकाच हातानं थापलेली, एकाच वेळी वाळलेली वीट कुठं रचली गेली यावर २.५ किंवा ४.६ ठरतं.

भट्टी उघडलेली होती आणि एक बाई विटा निवडत होती. दोन्ही हातांत एकेक वीट घ्यायची, एकमेकींवर टेकवल्यासारखी मारायची, आणि न थांबता डावी-उजवीकडे टाकायची. खणखण वाजली तर एक नंबर; बदबद वाजली तर दोन नंबर. मी तिला विचारलं, 'कळतं कसं?' ती म्हणाली, 'बाई, कच्ची बोलत नाय.' आतली भेग किंवा मऊ गाभा आवाज खातो. काच-चिनीमातीच्या कारखान्यांतही माल असाच वाजवून बघतात. तिनं दोन नंबरात टाकलेल्या विटांमधून मी काही मागून घेतल्या आणि डोंबिवलीला नेऊन पाच दिवसांची सगळी रीत करून फोडल्या. एकही ३.५ पर्यंत पोचली नाही. म्हणजे निवड भट्टीवर नीट झालेली होती; पुढं ट्रक भरताना दोन्ही ढीग एक झाले होते. ते कोणी केलं हे मला सांगता येणार नाही, पण भावातला फरक कोणाच्या खिशात जातो ते सगळ्यांना माहीत असतं.

नमुना कोण निवडतो हा प्रश्न जुन्या इमारतींतही येतो. २०१५ च्या २८ जुलैला ठाकुर्लीची मातृकृपा इमारत पडून नऊ जण गेले, आणि आठवडाभरात ४ ऑगस्टला ठाण्यात नौपाड्यातली कृष्णा निवास पडून बारा. त्याआधी २०१३ च्या ४ एप्रिलला शिळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमध्ये बांधकाम चालू असतानाच इमारत कोसळली आणि ७४ जणांचा जीव गेला. या दुर्घटनांचं कारण एका विटेत शोधणं चुकीचं ठरेल; तिथं बेकायदा बांधकाम, ओल, वय, दुर्लक्ष असं पुष्कळ काही होतं. पण त्यानंतर जुन्या इमारतींच्या सोसायट्या आमच्याकडे जास्त येऊ लागल्या. तीस वर्षं उलटलेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्याच्या २६५-अ कलमानं बंधनकारकच आहे. अशा घरी गेलं की आजी-आजोबा चहा करतात आणि विचारतात, 'अजून किती वर्षं राहता येईल हो?' आणि मग प्लास्टर काढायला अशी भिंत दाखवतात जी सगळ्यात धडधाकट आहे. हॉलमधली, ओल नसलेली. मी संडास-मोरीच्या मागची भिंत मागते, गच्चीच्या पाण्याचा पाइप जिथून उतरतो ती मागते. त्यांना वाईट वाटतं, कारण त्यांना वाटतं मी घरात दोष शोधतेय. मला त्यांना सांगावं लागतं की वरच्या मजल्यांचा भार त्या भिंतीलाही तितकाच आहे, आणि ती कशी आहे हे मला कळायला हवं.

त्या कल्याणच्या साइटचा माल बदलून आला. या वेळी शेठनी भट्टीवरून ट्रक भरताना आपला माणूस उभा केला होता. पुन्हा वीस विटा उचलल्या, पाच फोडल्या. सगळ्यात कमी आकडा ३.६ होता. सल्लागारांनी आता आपल्या सगळ्या कामांच्या वर्क ऑर्डरमध्ये एक कलम घातलंय: नमुना प्रयोगशाळेनेच घ्यायचा, त्याचा खर्च कामात धरायचा. पुढच्या आठवड्यात त्यांच्याच टिटवाळ्याच्या कामावर जायचं आहे. मुकादमाला फोन करून ठेवलाय की विटांची थप्पी भिंतीला टेकवून रचू नका, चारी बाजूंनी फिरता आलं पाहिजे, आणि मागच्या रांगेपर्यंत हात पोचायला हवा.